मामांचा खराद आणि उसना तिसरा फेज

सगळ्यात आधी एक कबुली देऊन टाकते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. थ्री फेज इंडक्शन मोटर मी इंग्रजीत शिकले, इंग्रजीतच पेपर लिहिला, मार्कही बरे पडले. पण त्याच मोटरबद्दल माहूरच्या एका पडवीत उभं राहून मराठीत चार वाक्यं बोलायची वेळ आली तेव्हा माझी त-त-प-प झाली. मराठी विभागाच्या संपादकांनी "तू लिही, शुद्धलेखन आम्ही बघतो" असं म्हटलं, म्हणून हे धाडस. तेव्हा मित्रांनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या, विजेच्या चुका मात्र पदरात घेऊ नका. त्या महागात पडतात!

झालं असं की...

माझं आजोळ माहूर. रेणुकामातेचं आणि दत्तशिखराचं माहूर. नांदेड जिल्ह्याचं हे एक टोक, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. आजूबाजूला सागाचं जंगल. माझे मामा लाकूड कातायचं काम करतात. त्यांच्याकडे एक खराद मशीन आहे, म्हणजे आपल्या वर्कशॉपमधल्या लेथचा लाकडी भाऊ. त्यावर ते लाटणी, रव्या, भोवरे, देव्हाऱ्याचे खांब, पलंगाचे पाय असं काय काय करतात. यात्रेच्या दिवसांत दुकानदार त्यांच्याकडून माल नेतात.

ह्या मशीनला आजोबांनी घेतलेली १ एच.पी.ची थ्री फेज मोटर आहे. बिडाची बॉडी, उचलताना कंबर धरते. मामांचं दुकान भाड्याचं होतं आणि तिथे थ्री फेज कनेक्शन होतं. गेल्या वर्षी ती जागा सोडावी लागली. मशीन घरामागच्या पडवीत आलं, पण घरात मीटर सिंगल फेजचं. दिवाळीच्या सुट्टीत मी पोचले तेव्हा मशीनवर गोणपाट टाकून ठेवलेलं होतं. दत्तजयंतीच्या यात्रेला महिनाभर उरलेला आणि माल तयार नाही.

कोणी म्हणालं नवीन सिंगल फेज मोटर घ्या. कोणी म्हणालं कन्डेन्सर लावला की चालते. आजोबांची मोटर भंगारात घालायला मामांचं मन होईना. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मामा, मी करते. आम्हाला आहे हे सिलॅबसला."

कन्डेन्सर म्हणजे आपला कपॅसिटर, बरं का. बाजारात कपॅसिटर मागितला तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

मी काय केलं? मोटरमधून तीन वायरी बाहेर आल्या होत्या. एकीला फेज, दुसरीला न्यूट्रल, आणि तिसरीला ५० मायक्रोफॅरडचा कन्डेन्सर, त्याचं दुसरं टोक फेजला. बटण दाबलं. मोटर घुंऽऽ करत सुटी फिरली खरी, पण रडत रडत. पट्टा चढवला तर जागची हलेना. दोन मिनिटांत बॉडी गरम, वार्निशचा वास. बंद केली.

मामा म्हणाले, "काहून गं, तीन वर्षं झाली नांदेडात शिकून राहिली तू, अन् एवढी एक मोटर चालू होत नाही तुझ्याच्यानं?"

हा लेख त्या वाक्याचं उत्तर आहे.

तीन तारा नाही, तीन पाळ्या

थ्री फेज मोटरला नेमकं काय लागतं? मला वाटायचं तीन तारा लागतात. खरं म्हणजे तिला तीन पाळ्या लागतात.

जत्रेतली गोल फिरणारी घोड्यांची चक्री आठवा, हाताने ढकलायची. तिच्याभोवती सारख्या अंतरावर तीन गडी उभे आहेत. पहिल्याने ढकललं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, मग पुन्हा पहिल्याने. चक्री आपोआप एका दिशेने, न अडखळता फिरत राहते. पाळी उलटी केली तर चक्रीही उलटी फिरते. थ्री फेजमध्ये हेच होतं. तीन वाइंडिंगमध्ये करंट एकामागून एक, १२० अंशांच्या अंतराने चढतो आणि आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. रोटर त्याच्या मागे धावतो. म्हणून ह्या मोटरला ना ब्रश लागतो ना कॉम्युटेटर. डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की ह्या इंजिनीअरने १८८९ मध्ये पिंजऱ्याच्या रोटरची अशी मोटर बनवली आणि १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट अशी १७५ किलोमीटर थ्री फेज वीज नेऊन दाखवली. आजही गिरण्या, पंप, कारखाने ह्याच मोटरवर चालतात.

आता घरातली वीज बघा. एकच फेज. म्हणजे चक्रीजवळ एकच गडी, तोही जागेवर उभा राहून एकच घोडा पुढे ढकलतोय आणि मागे ओढतोय. चक्री नुसती थरथरेल. तिला हाताने एका बाजूला जोराचा हिसका दिला तर मात्र ती त्या बाजूला फिरू लागेल. थ्री फेज मोटर सिंगल फेजला लावली की ती नुसती घुमते आणि शाफ्टला दोरी गुंडाळून ओढली तर सुरू होते, त्याचं कारण हेच. पण सुरू न होता घुमत राहिली तर वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही.

मग कन्डेन्सर काय करतो? तो एक उसना गडी आणतो. कन्डेन्सरमधून जाणारा करंट व्होल्टेजच्या पुढे चालतो. मोटरच्या तिसऱ्या टोकाला कन्डेन्सरमधून वीज दिली की तिथली पाळी बाकीच्या दोघांपेक्षा वेगळ्या वेळेला येते. ती बरोबर १२० अंशांवर पडतेच असं नाही, पण चक्रीला दिशा मिळते आणि ती फिरते.

ह्या जोडणीला स्टाइनमेट्झ जोडणी म्हणतात. चार्ल्स स्टाइनमेट्झ (१८६५–१९२३) हा युरोपातून अमेरिकेत गेलेला इंजिनीअर, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत होता. एसी सर्किटचं गणित कॉम्प्लेक्स नंबरने सोडवायची पद्धत त्यानेच रूढ केली. म्हणजे आपल्याला दुसऱ्या वर्षी ज्या 'जे'ने छळलं, त्याच्यामागे हेच गृहस्थ! माझा त्यांच्यावरचा राग माहूरला जरा कमी झाला.

आधी पाटी वाचा

मग माझी मोटर रडली का? ते सांगितलं किनवटच्या एका वाइंडिंगवाल्या मिस्त्रींनी. मामांनी मोटर टेम्पोत टाकून तिकडे नेली, मी मान खाली घालून मागे. मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताई, पाटी वाचली का?"

मोटरवर एक पितळी पाटी असते. मी ती फडक्याने पुसलीसुद्धा नव्हती. पुसल्यावर दिसलं: १ एच.पी., ४१५ व्होल्ट, १.९ अँपिअर, आणि जोडणी स्टार.

सगळा उलगडा तिथेच झाला. स्टार जोडणीत तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं आत एकत्र बांधलेली असतात. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असले तरी एका वाइंडिंगवर येतात ४१५ भागिले १.७३, म्हणजे २४० व्होल्ट. ह्या मोटरचं प्रत्येक वाइंडिंग २४० व्होल्टसाठी बनवलेलं आहे! आणि मी काय केलं, तर स्टार तसाच ठेवून बाहेरून २४० दिले. वाइंडिंगच्या वाट्याला सरासरी १४० च्या आसपास आले. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे ताकद राहिली एक तृतीयांश. रडणार नाही तर काय करणार?

उपाय सोपा. स्टार काढून डेल्टा करायचा. डेल्टात प्रत्येक वाइंडिंग सरळ दोन टोकांच्या मध्ये असतं, त्यामुळे घरचे २४० व्होल्ट त्याला पूर्ण मिळतात. मोटरला वाटतं आपण जुन्याच दुकानात आहोत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे साधारण ३ एच.पी.पर्यंतच्या मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात. ५ एच.पी. आणि त्यावरच्या बहुतेक डेल्टात असतात, म्हणजे त्यांचं वाइंडिंगच ४१५ व्होल्टचं असतं. तिथे आणखी डेल्टा कुठून करणार? ती मोटर घरच्या २४० वर चालवायची तर वाइंडिंगच नवीन भरावं लागतं. म्हणून कन्डेन्सर विकत घ्यायच्या आधी पाटी वाचायची.

स्टार फोडला

नव्या मोटरींत टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतात. पितळी पट्ट्या आडव्याच्या उभ्या केल्या की स्टारचा डेल्टा होतो, पाच मिनिटांचं काम. आजोबांच्या मोटरीत बाहेर तीनच वायरी होत्या. स्टारचा सांधा आत, वाइंडिंगच्या फुगवट्यात दोऱ्याने बांधून ठेवलेला.

मिस्त्रींनी पुलीच्या उलट्या बाजूचं झाकण काढलं, रोटर बाहेर घेतला आणि वाइंडिंगवर बोटं फिरवत तो सांधा शोधला. जाड स्लीव्हखाली तीन टोकं पीळ देऊन एकत्र डाखलेली होती. जुनं वाइंडिंग कडक झालेलं असतं, जोर लावला तर वार्निश तडकतं आणि तार उघडी पडते. म्हणून त्यांनी आधी ते हळूहळू गरम करून मऊ केलं. मग सांधा सोडवला, तिन्ही टोकांना लवचिक वायर डाखली, प्रत्येक जोडावर नवी स्लीव्ह चढवली, दोऱ्याने परत आवळून बांधलं आणि वरून वार्निश दिलं. आता बाहेर सहा टोकं आली.

माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला तो इथे. मल्टिमीटरने जोड्या शोधल्या. कोणतं टोक कोणत्या वाइंडिंगचं हे कळलं आणि तिन्हींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा आला, म्हणजे आत काही जळालेलं नव्हतं. मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन तपासलं. सुरुवातीची टोकं कोणती आणि शेवटची कोणती, हा प्रश्न मला फार अवघड वाटत होता, कारण एक जरी वाइंडिंग उलटं जोडलं गेलं तर मोटर फिरत नाही, जळते. पण मिस्त्रींनी सांगितलं की स्टारच्या सांध्यात जी तीन टोकं होती ती तिन्ही शेवटची. जुन्या तीन वायरी सुरुवातीच्या. झालं, कोडं सुटलं!

मग डेल्टा. पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला, दुसऱ्याचा शेवट तिसऱ्याच्या सुरुवातीला, तिसऱ्याचा शेवट पहिल्याच्या सुरुवातीला. तीन कोपरे तयार. एका कोपऱ्याला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल. तिसऱ्या कोपऱ्याला कन्डेन्सर, त्याचं दुसरं टोक फेजच्या किंवा न्यूट्रलच्या कोपऱ्याला. कुठे जोडतो त्यावर फिरायची दिशा ठरते.

झटका

आता जे लिहिते आहे ते वाचून कोणी हसलं तरी चालेल, पण नीट वाचा.

कन्डेन्सर दोन लागतात. एक कायम जोडलेला, चालता. दुसरा फक्त सुरू करण्यापुरता, पुश बटणातून. मोटरने वेग पकडला की बटण सोडायचं. चालत्या कन्डेन्सरचा ढोबळ नियम असा की किलोवॅटमागे ७० मायक्रोफॅरड. १ एच.पी. म्हणजे ०.७५ किलोवॅट, म्हणजे ५० च्या आसपास. सुरुवातीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. मी १०० चा घेतला.

पडवीत मोटर बसवली, बटण दाबलं, सोडलं. फिरली! पण उलटी. खरादाला उलटं चालत नाही, लाकडाची वरची बाजू कामगाराच्या अंगाकडे यायला हवी. मी स्विच बंद केला, इतकंच नाही तर प्लगही काढला. "आता कसली भीती" म्हणत कन्डेन्सरची वायर बदलायला हात घातला आणि दोन बोटं सुरुवातीच्या कन्डेन्सरच्या दोन्ही टोकांना लागली.

काय झालं ते कळायच्या आत हात मागे उडाला आणि मशीनच्या लोखंडी पट्टीवर आपटला. बोटाची कातडी फाटली. त्या पट्टीवर दोन इंच बाजूला मामांची धार लावलेली पटाशी ठेवलेली होती. हात तिच्यावर गेला असता तर हा लेख मी डाव्या हाताने लिहिला असता.

प्लग हातात असताना शॉक कसा बसला? चालता कन्डेन्सर मोटरच्या वाइंडिंगला जोडलेलाच असतो, त्यामुळे वीज बंद झाली की तो वाइंडिंगमधून रिकामा होतो. पण सुरुवातीचा कन्डेन्सर बटण सोडताक्षणी एकटा पडतो. त्या क्षणी त्याच्यावर जेवढे व्होल्ट असतील तेवढे घेऊन तो गप्प बसून राहतो. २४० व्होल्ट एसीचं शिखर असतं ३४० व्होल्ट. १०० मायक्रोफॅरड आणि ३४० व्होल्ट, अर्धा सी व्ही वर्ग करून बघा, जवळजवळ ५.८ ज्यूल येतात. हेच गणित मी परीक्षेत किमान दहादा केलं असेल. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी बोटांना कळला.

आणि घरात आरसीसीबी असला तरी तो इथे पडत नाही, कारण करंट अर्थमध्ये जातच नाही. एका बोटातून दुसऱ्या बोटात जातो आणि तोही मीटरकडून येत नाही.

मामांनी मशीनवर परत गोणपाट टाकलं. "बास झालं. तुझ्या मायला काय तोंड दाखवू मी?" दोन दिवस त्यांनी मला पडवीत येऊ दिलं नाही. माल तसाच पडून. आजी मात्र संध्याकाळी हळद लावता लावता म्हणाली, "चुकलं कुठं ते समजलं का तुला? मग जा, नीट कर."

चूक समजली होती. सुरुवातीच्या कन्डेन्सरच्या दोन टोकांमध्ये १५ किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडला. १०० मायक्रोफॅरडला १५ किलोओहम म्हणजे टाइम कॉन्स्टंट दीड सेकंदाचा. त्याच्या पाचपट, म्हणजे सात-आठ सेकंदांत कन्डेन्सर जवळपास रिकामा होतो. चालत्या कन्डेन्सरलाही १०० किलोओहमचा लावला, कारण एखादी वायर तुटली तर तोही एकटा पडू शकतो. दोन्ही कन्डेन्सर झाकणाच्या डब्यात बंद केले. आणि नियम केला: प्लग काढायचा, एक मिनिट थांबायचं, मीटर लावून शून्य बघायचं, मगच हात. मामांच्या समोर तीन वेळा करून दाखवलं तेव्हा गोणपाट निघालं.

फिरली, पण तापली

वायर बदलल्यावर मोटर सुलटी फिरली. मामांनी एक लाटणं कातलं, आजीने देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं संपलं. वीस मिनिटांनी बॉडीला हात लावला तर चटका!

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "टाँग टेस्टर लावा, तिन्ही वायरी बघा." हा चिमट्यासारखा मीटर वायर न तोडता करंट दाखवतो. पाटीवर १.९ अँपिअर स्टारमध्ये, म्हणजे डेल्टात प्रत्येक बाहेरच्या वायरीला १.७३ पट, ३.३ अँपिअरपर्यंत चालेल. कन्डेन्सरच्या वायरीत निघाले ४ च्या आसपास. लोड नसतानाच जास्त!

कारण असं की ७० चा नियम भरलेल्या लोडसाठी आहे. उसना गडी किती जोर लावणार हे कन्डेन्सरच्या आकारावर ठरतं, कामावर नाही. मोटर मोकळी फिरत असली तरी तो तेवढाच ढकलतो, मग एक वाइंडिंग जास्त करंट ओढून तापतं. खरादावर तर निम्मा वेळ लाकूड मोजण्यात, पटाशी बदलण्यात जातो. म्हणून ५० काढून ३६ मायक्रोफॅरडचा लावला, पंपाच्या दुकानात तो सहज मिळतो. करंट २.८ वर आला, मोटरचा आवाजही निवळला. तासभर चालवून हात लावला, कोमट. चालता कन्डेन्सर ४४० व्होल्टचा घ्यायचा हेही मिस्त्रींनीच बजावलं, कारण हलक्या लोडला त्याच्यावर घरच्या व्होल्टेजपेक्षा जास्त चढतं.

राहिलं स्टार्टरचं. मामांचा जुना स्टार्टर वापरायचा होता, कारण त्यात नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की स्टार्टर पडतो आणि लाईट आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही. लाकूड बदलत असताना खराद अचानक फिरला तर काय होईल ते सांगायला नको. पण ती कॉइल ४१५ व्होल्टची होती, ती २४० ची बदलली आणि ओव्हरलोड रिले नव्या करंटला लावला. शेवटी मशीनच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंग केलं. हे शेवटचं काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतलं, आणि माझी सगळी जोडणीही त्यांनाच तपासायला लावली.

काय मिळालं, काय गेलं

आता हिशोब. उसना गडी खऱ्या गड्याची बरोबरी करत नाही. अशा जोडणीत मोटरची ताकद साधारण दोन तृतीयांश मिळते. १ एच.पी.ची मोटर आता पाऊण एच.पी.हूनही थोडं कमी काम करते. सुरू होतानाचा जोरही कमी. मामांना ते पहिल्याच दिवशी कळलं. लाटणी, रव्या, भोवरे मजेत होतात. देव्हाऱ्याचे खांब होतात, पण पटाशी हलकी धरावी लागते, एका हाताचं काम तीन हातांत. पलंगाच्या जाड पायांना मोटर दबते. त्या पायांची एक ऑर्डर मामांनी परत केली. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, "राहू दे गं. गाडी घाटात जेवढी चढते तेवढीच चढवावं." दत्तजयंतीचा माल मात्र वेळेत गेला.

कोणी विचारेल, आजकाल व्हीएफडी मिळतो, तो का नाही? बरोबर आहे. सिंगल फेज घेऊन खरा थ्री फेज देणारा व्हीएफडी लावला तर मोटर पूर्ण ताकदीने चालते, वेगही कमी-जास्त करता येतो. पण साधा व्हीएफडी २४० घेऊन २४०च देतो, म्हणजे स्टारचा डेल्टा तिथेही करावाच लागतो. शिवाय तो कन्डेन्सरपेक्षा बराच महाग, आणि लाकडाच्या भुशापासून सांभाळावा लागतो. दोन कन्डेन्सर मिळून मला हजाराच्या आत पडले. मामांनी व्हीएफडीचं पुढच्या वर्षी बघू म्हटलंय.

हे सगळं फक्त पडवीतलं जुगाड आहे असंही समजू नका. आपल्या रेल्वेच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्टची सिंगल फेज वीज असते. जुन्या डब्ल्यूएजी-५ सारख्या इंजिनांत पंखे आणि कॉम्प्रेसरच्या थ्री फेज मोटरी चालवायला आर्नो कन्व्हर्टर नावाचं फिरतं यंत्र असायचं. तेही सिंगल फेजमधून तिसरा फेज तयार करणारंच. पुढे त्याची जागा स्टॅटिक कन्व्हर्टरने घेतली.

शेतातला कन्डेन्सर

मामांना "कन्डेन्सर लावला की चालते" असं ज्यांनी सांगितलं, ते शेतकरी होते. त्यामागेही एक इतिहास आहे. मराठवाड्यातल्या मित्रांनी तो वडिलांकडून ऐकलाच असेल. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, आणि तीच वर्षं कडक भारनियमनाची होती. गावाला थ्री फेज ठराविक तास मिळायची. बाकी वेळ घरच्या दिव्यांपुरती सिंगल फेज, म्हणजे पंप बंद राहावेत असा हेतू. पण पीक डोळ्यांदेखत वाळत असताना कोण थांबणार? जिथे दोन फेज मिळायच्या तिथे लोक तिसऱ्याच्या जागी कन्डेन्सर लावून पंप चालवायचे. तत्त्व मामांच्या मोटरीचंच. फरक इतका की तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट होते, त्यामुळे स्टार फोडायची गरज नव्हती.

एकाने लावला तर चालून जातं. सगळ्या गावाने लावला की दोनच फेजवर सगळा भार येतो. व्होल्टेज पडतं, पंप जास्त करंट ओढतात, मोटरी जळतात, शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो आणि अख्खं गाव अंधारात. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करायच्या योजना आल्या, त्यामागे हेही एक कारण होतं. शेतकऱ्याची गरज खरी होती आणि ट्रान्सफॉर्मरची मर्यादाही खरी होती. उसन्या फेजची किंमत कोणीतरी मोजतंच. मामांच्या बाबतीत ती आम्ही आधी मोजली, एवढाच फरक.

आणि कायद्याचं एक. घरगुती मीटरवर धंदा चालवणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो. म्हणून मामांनी पडवीसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज केला. सिंगल फेजच, पण कामाच्या दराचा.

करायचंच असेल तर

कोणाच्या घरी अशी जुनी मोटर पडून असेल तर थोडक्यात सांगते:

१) आधी पाटी. ४१५ स्टार असेल तरच पुढे जा. ४१५ डेल्टा असेल तर थांबा.
२) २ एच.पी.च्या वर घरच्या लाईनवर हा उद्योग नको.
३) जड लोडवर सुरू होणारी यंत्रं, उदाहरणार्थ कॉम्प्रेसर, ह्या जोडणीला मानवत नाहीत. पंखा, खराद, ग्राइंडर ठीक.
४) कन्डेन्सर नियमाने निवडा, पण टाँग टेस्टरने पक्का करा. कोणत्याही वायरीत पाटीच्या हिशोबापेक्षा जास्त करंट नको.
५) दोन्ही कन्डेन्सरला रेझिस्टर. प्लग, एक मिनिट, मीटर, मग हात.
६) अर्थिंग आणि नो-व्होल्ट स्टार्टर. ह्यात काटकसर नाही.
७) शेवटी परवानाधारक वायरमनला दाखवा. लाज वाटू देऊ नका.
८) हॉस्टेलच्या रूममध्ये ह्यातलं काहीही करू नये. रेक्टर सर हा अंक वाचतात!

असो. सुट्टी संपवून निघताना मामांनी एसटीच्या खिडकीतून एक भोवरा दिला, त्याच मोटरीवर कातलेला. माझ्या रूमच्या टेबलवर तो आहे. मशीन्सच्या प्रॅक्टिकलला आता सर कनेक्शन तपासायला येतात तेव्हा मी आधी मोटरची पाटी वाचते. मैत्रिणी हसतात. हसू देत. माझ्या उजव्या हाताच्या बोटावरचा व्रण अजून गेलेला नाही.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल